अठरा नंबरचा पैलवान

राजाराम सरांनी त्या माणसाला पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. अमेरिकेत श्रूजबरीला लेकीच्या घरी येऊन त्यांना दोनच दिवस झाले होते. झोप अजून विट्याच्याच घड्याळावर चालत होती, म्हणून सकाळी साडेपाचला ते ड्राइव्हवेमध्ये फेऱ्या मारत होते. तेवढ्यात बेसमेंटच्या दारातून एक माणूस बाहेर पडला. दार त्याला पुरत नव्हतं, त्यामुळे तो जरा तिरका होऊन निघाला. मान जवळजवळ नव्हतीच, डोकं थेट खांद्यांवर ठेवल्यासारखं दिसत होतं. कचऱ्याचा डबा ओढत तो रस्त्याकडे गेला, परत वळला, आणि सरांना त्याचे कान दिसले.

सर जागच्या जागी थांबले.

सुजलेले, चुरगळलेले आणि मग तसेच कायमचे कडक झालेले कान. असे कान सरांनी जन्मभर पाहिले होते. सांगली-कोल्हापूरकडे असे कान दिसले की अनोळखी माणूससुद्धा हॉटेलात सरकून जागा देतो, कारण असे कान कुणी जन्माला येताना घेऊन येत नाही. वर्षानुवर्षं मातीत, डोक्याला डोकं भिडवून ते कमवावे लागतात.

सर पुढे झाले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "रामराम पैलवान! कुठली तालीम?"

माणूस गोंधळला. मग हसला, आपला भलामोठा पंजा त्यानेही छातीवर ठेवला आणि "बोंजूर" म्हणाला.

नाश्त्याच्या वेळी सरांनी ही बातमी घरात सांगितली, तेव्हा अकरा वर्षांच्या इलाला ठसका लागला. "आजोबा! ही इज नॉट अ रेसलर! ही प्लेज रग्बी!"

"अण्णा, अहो तो आमचा टेनंट," अदिती म्हणाली. "बातिस्त. फ्रान्सचा आहे. रग्बीच्या क्लबकडून खेळायला आलाय. फार सज्जन माणूस, भाडं कधी लेट नाही."

"मग ते कान?"

जावई अवधूतने टेबलावरच्या दोन मुठी एकमेकींवर दाबून दाखवल्या. "बाबा, त्यात स्क्रम म्हणून प्रकार असतो. इकडे आठ जण, तिकडे आठ जण. वाकायचं, डोकी एकमेकांच्या खांद्यात अडकवायची आणि ढकलायचं. हा पहिल्या रांगेत कोपऱ्याला असतो. कान तिथे जातात."

सरांनी चहाचा घोट घेतला. "म्हणजे पैलवानच की," ते म्हणाले, आणि पुढे कुणी कितीही समजावलं तरी ते त्याला पैलवानच म्हणत राहिले.

सरांनी विट्याच्या हायस्कुलात चौतीस वर्षं पोरांना कबड्डी शिकवली होती. गप्प बसलेल्या माणसाशी मैत्री कशी करायची हे त्यांना ठाऊक होतं. त्याच्या शेजारी जाऊन आपणही गप्प बसायचं. संध्याकाळी ते गॅरेजच्या पायरीवर दोन पेले ताक घेऊन बसू लागले. चौथ्या दिवशी बातिस्तही येऊन बसला. त्याचं इंग्रजी फ्रेंच वळणाचं, सरांचं शाळेच्या ऑफिसातलं, म्हणून इला मध्ये बसायची आणि दोन्हीकडचं दोन्हीकडे पोचवायची. तिलाही ते बरं वाटायचं. शाळेत तिला कुणी फारसं मध्ये बसवत नसे. अंगाने थोराड पोर. सॉकरच्या टीममध्ये दोन मोसम तिला गोलात उभं केलं होतं, आणि तिसऱ्या मोसमात तिने स्वतःच नाव काढून घेतलं होतं.

अशा पायरीवरच्या संध्याकाळींमधून बातिस्तची हकीकत सरांना थोडी थोडी कळत गेली. डोंगराच्या पायथ्याचं छोटं गाव. वडील दुधाचा टँकर चालवायचे. सहाव्या वर्षी तो मैदानात उतरला, विसाव्या वर्षी पहिला करार मिळाला. फ्रान्समध्ये चार क्लब, चौदा मोसम, दोनशे एकेचाळीस सामने, उजव्या गुडघ्याची दोन ऑपरेशनं. आता तो छत्तीस वर्षांचा होता. फ्रान्समधल्या क्लबांना तरुण हवे होते, म्हणून दोन वर्षांपूर्वी तो इकडे आला.

"आणि देशाकडून?" सरांनी विचारलं.

इलाने विचारलं. बातिस्तने ताकाचा पेला फिरवला. "वन्स," तो म्हणाला. "सिक्स मिनिट्स."

आणि उरलेलं ताक त्याने एका घोटात संपवलं.

मे महिना लागला आणि एका संध्याकाळी तो ताक न पिताच सांगू लागला. त्याचा करार जूनमध्ये संपत होता. खेळाडू म्हणून क्लब त्याला पुढे ठेवणार नव्हता. गुडघा आता ऐकत नव्हता, हे त्यालाही पटत होतं. पण क्लबला श्रूजबरीत मुलांसाठी रग्बीचे वर्ग सुरू करायचे होते. मिसेस हॅलोरन नावाच्या बाई ते काम बघायच्या. त्यांनी त्याला तीन शनिवार दिले होते. दहा ते तेरा वयाच्या मुलांना तीन शनिवार शिकवायचं, आणि तिसऱ्या शनिवारी किमान पंधरा मुलांनी पुढच्या मोसमासाठी नाव दिलं तर कोचची नोकरी त्याची. नाहीतर नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणजे व्हिसा नाही.

"व्हिसाचं म्हणजे आपल्याला काही एक्सप्लेन करायला नको," अवधूत मागून म्हणाला. तो स्वतः अकरा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत उभा होता.

"फ्रान्सला परत गेलात तर?" सरांनी विचारलं.

"भाऊ टँकर चालवतो. अजून एक टँकर आहे," बातिस्त म्हणाला. "वाईट काम नाही. पण सर, मला फक्त हेच येतं. हे कुणाला दिलं नाही तर ते माझ्याबरोबर टँकरमध्ये बसून राहील."

इलाने हे भाषांतर करताना आवाज जरा खाली आणला.

पहिल्या शनिवारी शाळेच्या मैदानावर बावीस मुलं आली. सर घडीची खुर्ची घेऊन रेषेबाहेर बसले, शेजारी गवतावर इला. बातिस्त प्लास्टिकच्या पिशवीतून निळी जर्सी घेऊन आला होता. पाठीवर अठरा नंबर, म्हणजे बदली खेळाडूचा; देशाकडून एकदाच खेळला तेव्हाची ती जर्सी. त्याने ती उंच धरली आणि मुलांना आपली कारकीर्द सांगायला सुरुवात केली. क्लब, सामने, वर्षं. आठ मिनिटांनी मुलं गवत उपटू लागली. मग एका मुलाने हात वर केला. "तुम्ही किती ट्राय केल्या?" ट्राय म्हणजे चेंडू पलीकडच्या रेषेपार टेकवणं, सॉकरच्या गोलसारखंच.

"टू," बातिस्त म्हणाला.

"या वर्षी?"

"नो. एकूण."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यानंतर त्याने त्यांना एकमेकांना धरून पाडायला लावलं. दोघं रडले, एकाचा गुडघा फुटला, आणि बातिस्तचा तो आवाज, जो ऐंशी हजारांच्या गोंगाटात ऐकू जावा म्हणून घडला होता, तो दहा वर्षांच्या पोरांवर पडला.

दुसऱ्या शनिवारी नऊ मुलं आली. बाकीची पलीकडच्या मैदानावर सॉकर खेळताना दिसत होती.

सर दोन्ही शनिवारी खुर्चीत बसून होते. जीभ दाताखाली दाबून बसले होते म्हटलं तरी चालेल. चूक कुठे होते आहे ते त्यांना पहिल्या दहा मिनिटांत दिसलं होतं. पण दुसऱ्याच्या वर्गात न बोलावता पाऊल टाकायचं नाही, हा त्यांचा चौतीस वर्षांचा नेम होता. शाळेत नवा शिक्षक कितीही धडपडला, तरी तो दारात येऊन "सर, जरा" म्हणेपर्यंत ते खडूला हात लावत नसत.

"आजोबा, टेल हिम ना!" इला खुसफुसली.

"त्यानं विचारलं पाहिजे, बाळ."

"बट ही विल लूज!"

"माहितीये मला."

त्या दुपारी बातिस्त पायरीवर येऊन बसला. ताकाचा पेला त्याने बाजूला सरकवला. मग इलाकडे न बघताच, सरळ सरांना म्हणाला, "सर. प्लीज. हाऊ?"

सरांनी पेला खाली ठेवला. हे दोन शनिवार त्यांना फार लांब गेले होते.

"पैलवान, माझी पहिली नोकरी," ते म्हणाले, "तेव्हा मी विद्यापीठाकडून खेळून आलेला. पहिल्या दिवशी मी पोरांना माझी मेडलं दाखवली. पंधरा दिवसांत निम्मी पोरं गायब. का? मेडल माझं होतं. त्यात त्यांना करण्यासारखं काही नव्हतं." इला भरभर सांगत होती. "दुसऱ्या वर्षी मी मेडलं घरी ठेवली. पहिले चार दिवस फक्त पडायला शिकवलं. पडायची भीती गेली की पोरगं कशालाही हात घालतं. मग साखळी. आमच्याकडे चढाई करणाऱ्याला एकटा धरत नाही कुणी. हातात हात घालून येतात."

सर उठले, इलाला बोलावलं, तिचं मनगट पकडलं आणि तिला आपलं पकडायला लावलं. "अशी. बोटं सुटतात, मनगट सुटत नाही. आणि दम. खेळात तो चढाईवाल्याचा, पण सरावात मी साखळीलाही धरायला लावायचो. एका दमात कबड्डी कबड्डी म्हणायचं. दम एक असला की पायही एक होतात."

बातिस्तने त्या दोन मनगटांकडे बघितलं. स्क्रममध्येही असंच, तो म्हणाला. जर्सी घट्ट धरायची आणि आठ जणांनी एकदम श्वास घ्यायचा. ते त्याला इतकं अंगवळणी पडलं होतं की ते शिकवायचं असतं हेच त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

"आता मला सांगा," सर बसत म्हणाले, "त्या सहा मिनिटांत काय केलंत?"

बातिस्तच्या चुरगळलेल्या कानांपर्यंत लाली चढली. "एक स्क्रम. चेंडूला हातही लागला नाही. टीव्हीवर फक्त माझा..." त्याने मागे हात नेऊन दाखवलं.

"हिज बट," इला म्हणाली आणि तोंड दाबून हसली.

"आई पूर्ण सामना रेकॉर्ड करून बसली होती," तो म्हणाला. "पण सर, त्या एका स्क्रममध्ये आम्ही त्यांना एक मीटर मागे रेटलं. एक मीटर! समोरचा माझ्यापेक्षा पंधरा किलोंनी जड होता."

"हे पोरांना सांगितलंत?"

"नाही. एक मीटर... ते थोडं वाटतं."

"एक मीटर पोरांना करता येतं," सर म्हणाले. "चौदा वर्षं नाही करता येत."

तिसऱ्या शनिवारी आठ मुलं आली. मिसेस हॅलोरन हातात नावांचा कागद आणि कॉफीचा कप घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मुलं मोजली, कागदाकडे पाहिलं आणि चेहरा शक्य तितका सरळ ठेवला.

बातिस्तने जर्सी आणली नव्हती. त्याने मुलांना पंधरा मिनिटं नुसतं पडायला लावलं. आधी स्वतः पडून दाखवलं. एकशे अठरा किलोंचा माणूस दाणकन गवतावर पडला, लोळला, उठला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा मुलं खिदळली आणि तीही पडू लागली. त्याचा आवाज आज खाली होता. मग त्याने सगळ्यांना जवळ बसवलं आणि त्या सहा मिनिटांची गोष्ट सांगितली. टीव्हीवर काय दिसत होतं तेही सांगितलं. केया नावाची एक बारकी मुलगी हसून हसून आडवी झाली.

"आज आपण एक मीटर करू," तो म्हणाला. त्याने गवतावर पांढऱ्या पावडरने एक रेघ मारली, एक पाऊल मागे दुसरी मारली. एक जाडजूड पॅड छातीशी धरून तो पुढच्या रेघेवर उभा राहिला. "मी एकटा. तुम्ही आठ. मला मागच्या रेघेपलीकडे न्या."

तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला. "कुश! मॅथ क्लास!" कुशने आईकडे, पॅडकडे, पुन्हा आईकडे पाहिलं आणि गेला. जाताना तीनदा मागे वळला.

सात उरले. बातिस्तने मैदानाबाहेर बघितलं. "इला?"

इला आजोबांकडे वळली. सरांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाला पुसायला घेतला. त्यांना काहीच दिसत नसल्यासारखं.

"आय जस्ट ट्रान्सलेट," इला म्हणाली.

"मला पुढे मध्ये कुणीतरी मजबूत हवं," बातिस्त म्हणाला. "ही जागा बारीक माणसाची नाही. मी तिथेच होतो, तुझ्या वयात."

आजवर इलाला कुणीही ती जाड आहे म्हणून पुढे बोलावलं नव्हतं. ती उठली. कपाळाला आठ्या घालून का होईना, पण उठली.

"पण एक," ती त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली. "डोन्ट लेट अस विन. ओके? ग्रोन-अप्स ऑलवेज डू दॅट. इट्स सो फेक."

बातिस्तने हात पुढे केला. "प्रॉमिस."

पहिल्यांदा आठ जण आठ दिशांनी ढकलत होते. बातिस्त हललासुद्धा नाही. दुसऱ्यांदा केया घसरून दोघांच्या पायांखालून बाहेर आली. मिसेस हॅलोरननी घड्याळ बघितलं.

"माझी पाठ बघा," बातिस्त पॅडच्या मागून म्हणाला. "टेबलासारखी. तुमची? तुम्ही उभे आहात. उभ्या माणसाला मी रात्रीपर्यंत थोपवीन."

मुलं वाकली. तिसऱ्यांदा तो किंचित हलला, मग त्याने पुन्हा जागा घेतली. हात सुटत होते. त्याने सरांकडे पाहिलं. सर खुर्चीतून उठले नाहीत. त्यांनी फक्त उजव्या हाताने स्वतःचं डावं मनगट धरलं आणि मग तोच हात छातीवर ठेवला.

बातिस्तने मान हलवली. "इला. तुझ्या आजोबांचं. त्यांना दाखव."

इला वळली. आधी तिचा आवाज बारीक होता. "रिस्ट. नॉट फिंगर्स. लाइक धिस." तिने एकेकाचं मनगट धरून दाखवलं. "अँड ब्रीद टुगेदर. वी से कबड्डी. वन ब्रेथ, ऑल ऑफ अस. यू स्टॉप, यू आर आउट."

"व्हॉट इज कबड्डी?"

"इट्स माय ग्रँडफादर्स थिंग. जस्ट से इट!"

आठ जण वाकले. आठ मनगटं अडकली. आठ छात्या एकदम भरल्या, आणि मग मैदानावर ते सुरू झालं. कबड्डी कबड्डी कबड्डी, कुणाचं ब्राझिलियन, कुणाचं आयरिश, कुणाचं तेलुगू वळणाचं. पॅड दबलं. बातिस्तचा डावा पाय गवतात घट्ट रुतला. तो खरोखर लढत होता. सरांना त्याच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. मग त्याची टाच एक इंच सरकली. त्याने पुन्हा रोवली. पुन्हा सरकली. गवत निघून काळी माती वर आली.

"लो! लो! इला, अजून खाली!" तो ओरडत होता. आपल्यालाच कसं हरवायचं ते तो त्यांना सांगत होता. "पाठ! दम सोडू नका!"

सर कधी उभे राहिले ते त्यांनाच कळलं नाही. त्यांच्या तोंडातून आपोआप तेच निघत होतं. कबड्डी कबड्डी कबड्डी.

बातिस्तची टाच मागच्या रेघेवर आली. तिथे तो क्षणभर अडला. मग उजवा गुडघा वाकला, आणि आठही जण त्याच्यासकट रेघेपलीकडे धाडकन पडले. पण नीट पडले. कुणी रडलं नाही.

ढिगाऱ्याखालून पहिल्यांदा हसण्याचा आवाज आला तो बातिस्तचा.

"वॉज दॅट रिअल?" इला त्याच्या छातीवर बसून विचारत होती. तिच्या नाकाला माती लागली होती. "तू सोडलंस का? टेल मी द ट्रूथ!"

त्याने पाय वर करून दाखवला. बुटाच्या टाचेखाली बोटभर जाड माती होती. मागे गवतात दोन चर उमटले होते, एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत.

इलाने ते चर पाहिले आणि दोन्ही मुठी वर केल्या.

त्या आरडाओरड्याने पलीकडचं सॉकर थांबलं होतं. मध्यंतर होतं की काय कोण जाणे, पण मुलं संत्र्याच्या फोडी चोखत कुंपणापाशी आली होती. त्यात पहिल्या शनिवारी आलेलेही होते. किती ट्राय केल्या असं विचारणारा तो मुलगा सगळ्यात पुढे होता.

"कॅन वी ट्राय मूव्हिंग हिम?"

"लाइन लावा," इला म्हणाली. "आणि आधी पडायला शिका."

बातिस्तने त्या सकाळी आणखी सहा वेळा पॅड धरलं. चार वेळा तो हलला नाही. दोन वेळा त्याला नेलं. अकराच्या सुमारास गाडीचा हॉर्न पुन्हा वाजला आणि कुश मॅथची बॅग पाठीवर तशीच ठेवून धावत आला. मिसेस हॅलोरनच्या कागदाची एक बाजू भरली तेव्हा त्यांनी तो उलटा केला. एकोणिसाव्या नावानंतर त्यांनी मोजायचं सोडलं आणि कॉफीचा कप गवतावर ठेवून बातिस्तचा हात हातात घेतला. "सप्टेंबरपासून," त्या म्हणाल्या. "पेपर्स मी सोमवारी लॉयरकडे पाठवते."

बातिस्त लंगडत सरांच्या खुर्चीपाशी आला. काही बोलायचा प्रयत्न केला. इला नव्हती, ती रांग लावत होती. शेवटी त्याने छातीवर हात ठेवला. सरांनीही ठेवला.

"शाब्बास, पैलवान," सर म्हणाले. त्याचं भाषांतर लागलं नाही.

दुपारी अदिती न्यायला आली आणि इलाला बघून गाडीच्या दारातच आडवी उभी राहिली. "अगं! हे काय! थांब, आधी सीटवर टॉवेल टाकते. अण्णा, तुम्ही होतात ना तिथे? ही तर फक्त भाषांतर करायला गेली होती!"

"भाषांतरच केलं तिनं," सर म्हणाले.

गाडी रूट नाइनला लागली. इला मागे टॉवेलवर बसली होती. थोडा वेळ ती खिडकीच्या काचेत आपला चेहरा इकडून तिकडून बघत राहिली. मग तिने दोन्ही कान बोटांनी चाचपले.

"आजोबा," ती चक्क मराठीत म्हणाली, "माझे पण कान तसे होतील?"

"इला!" अदितीचा पाय ब्रेकवर गेला.

सर वळले. त्यांनी नातीचे कान एकेक करून नीट तपासले, दोन्हीकडून, डॉक्टर तपासतो तसे.

"त्याला वेळ लागतो, बाळ," ते म्हणाले. "सप्टेंबरचे शनिवार सुरू झाले की परत बघू."